दीर्घशृंगी भुंगेऱ्यांची जातिनिश्चिती व वर्गीकरण : इतिहास आणि मुळशी परिसर

दीर्घशृंगी भुंगेरे : ढालपंखी गणातील (कोलिऑप्टेरातील) सेरँबिसिडी या कुलात मोडणाऱ्या भुंगेऱ्यांना हे नाव देतात. यांच्या डोक्यावरील शृंगिका (स्पर्शेंद्रिये) बहुधा शरीराइतक्या लांब असतात. काही जातींच्या नरांत त्या शरीराच्या दुपटीहून लांब असतात. अळ्या झाडाची साल, खोड किंवा मुळे पोखरून त्यांवर जगतात. जगात या कुलाच्या ३५,००० हून अधिक जातींची वर्णने झालेली असून त्यांपैकी सुमारे १,५०० भारतात आढळतात. प्रौढाचे आयुष्य काही आठवडे ते काही महिने एवढेच असते. अळीचे मात्र एक-दोन वर्षे, कधीकधी त्याहून बरेच अधिक असते. म्हणजे या प्राण्याचे बहुतेक जीवन लाकडाच्या आत, दृष्टीआड जाते. जातिनिश्चिती (प्राणी कोणत्या जातीचा हे ठरविणे) व वर्गीकरण यांच्या इतिहासात जे प्रश्न वारंवार उद्‌भवले त्यांचे मूळ याच गोष्टीत आहे. ज्यांनी या भुंगेऱ्यांना नावे दिली त्यांनी झाड पाहिले नव्हते आणि ज्यांना झाड व अळी ठाऊक होती त्यांना नावे ठाऊक नव्हती. हे दोन प्रवाह एकत्र कसे आले व कोठे अद्याप आलेले नाहीत, याचा आढावा प्रस्तुत नोंदीत पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या संदर्भात घेतला आहे. [⟶ भुंगेरे].

लोकज्ञान : लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची दखल भारतात प्राचीन काळापासून घेतली गेली आहे. संस्कृतातील ‘घुण’ हा शब्द अशा सर्व किड्यांसाठी योजला जाई. घुणाने लाकूड कोरताना योगायोगाने अक्षरासारखी आकृती उमटते, यावरून ‘घुणाक्षरन्याय’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मराठी मुलखात आंब्याचे खोड पोखरणाऱ्या अळीला ‘भिरूड’ व कोकणात काजूचे खोड आणि मुळे पोखरणाऱ्या अळीला ‘रोठा’ म्हणतात. सालीवर पडलेले भोक, त्यातून बाहेर येणारा भुसा व चिकट द्रव, वाळू लागलेली फांदी या खुणांवरून बागायतदार कीड ओळखतो आणि तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढतो. हे ज्ञान झाडावर व नुकसानीवर आधारलेले आहे आणि त्याच्या मर्यादेत ते अचूक असते. तथापि एकाच नावाखाली अनेक जाती, क्वचित पतंगांच्या सुरवंटांसारखे अगदी निराळे कीटकही येतात. आणि अळीपासून होणारा प्रौढ भुंगेरा व दिव्यावर येणारा भुंगेरा एकच, ही जाणीव नेहमी असतेच असे नाही.

यूरोपातील आरंभ : स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी १७५८ साली सेरँबिक्स हा वंश स्थापून त्यात लांब शृंगिकांचे भुंगेरे एकत्र केले. हे नाव ग्रीक पुराणकथेतील केरांबोस या मेंढपाळावरून आले आहे; वनदेवतांच्या रोषामुळे त्याचे भुंगेऱ्यात रूपांतर झाले, अशी ती कथा आहे. फ्रेंच कीटकवैज्ञानिक पी. ए. लात्रेय यांनी १८०२ मध्ये या भुंगेऱ्यांचे स्वतंत्र कुल मानले.

भारतातील जातींना नावे देण्याचे काम याच सुमारास यूरोपात सुरू झाले. लिनीअस यांचे शिष्य जे. सी. फाब्रिसिअस यांना दक्षिण भारतातील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत राहणारे वैद्य व निसर्गवैज्ञानिक जे. जी. केनिख यांच्याकडून बरेच कीटक मिळाले. फाब्रिसिअस यांनी वर्णिलेल्या जातींपैकी तीन महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत : सुके लाकूड व फर्निचर पोखरणारी स्ट्रोमॅशिअम बार्बेटम (१७७५), बाभळीचे खोड व मुळे पोखरणारी आणि द्राक्षवेलींवरही येणारी सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर (१७८१) व द्राक्षवेलीच्या फांदीला कडे कोरून ती वाळविणारी स्थेनिआस ग्रायसेटर (१७८७). आंब्यावरील भिरूड म्हणून प्रसिद्ध असलेल्या बॅटोसेरा रुफोमॅक्युलॅटा या जातीचे वर्णन स्वीडनमधील चार्ल्स दे गेअर यांनी १७७५ साली केले. म्हणजे कोकणातील बागायतदार ज्या अळीला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आला तिच्या प्रौढाला शास्त्रीय नाव मिळून अडीचशे वर्षे झाली. परंतु या दोन्ही ज्ञानांची गाठ पडण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकात नमुन्यांचा ओघ वाढला. टॉमस हार्डविक यांच्या संग्रहातील नेपाळी कीटकांची वर्णने एफ. डब्ल्यू. होप यांनी १८३१ साली प्रसिद्ध केली. ॲल्फ्रेड रसेल वॉलिस यांनी मलाया द्वीपसमूहात गोळा केलेल्या दीर्घशृंगींवर एफ. पी. पॅस्को यांनी १८६४ पासून विस्तृत ग्रंथ लिहिला. बेल्जियममधील लीएझ विद्यापीठातील प्राध्यापक तेओदोर लाकॉर्देर यांनी आपल्या भुंगेऱ्यांवरील ग्रंथमालेच्या आठव्या व नवव्या खंडांत (१८६८–७२) जगातील सर्व दीर्घशृंगी वंशांची मांडणी केली. लाकॉर्देर १८७० मध्ये निवर्तले व उरलेले काम इतरांनी पुरे केले. पुढील अनेक दशके वर्गीकरणाचा पाया हाच राहिला.

या काळातील वर्णनांत दोन उणिवा राहिल्या. पहिली स्थळाची. नमुन्याला टोचलेल्या चिठ्ठीवर ‘ईस्ट इंडिया’, ‘बॉम्बे’ किंवा ‘मद्रास’ एवढेच लिहिलेले असे. ‘बॉम्बे’ म्हणजे मुंबई बेट, संपूर्ण इलाखा की ज्या बंदरातून पेटी जहाजावर चढली ते बंदर, हे त्या चिठ्ठीवरून कळत नाही. दुसरी उणीव आश्रयवृक्षाची (ज्या झाडावर अळी वाढते त्या झाडाची). कोणत्या लाकडातून भुंगेरा निघाला याची नोंद क्वचितच असे. याचे बोलके उदाहरण मध्य भारतातील सालवृक्षाच्या किडीचे आहे. हॉप्लोसेरँबिक्स स्पायनिकॉर्निस या जातीचे वर्णन एडवर्ड न्यूमन यांनी १८४२ साली फिलिपीन्समधून आलेल्या नमुन्यांवरून केले. त्या बेटांवर सालवृक्ष नाही. पुढे हीच जाती भारतातील सालवनांची सर्वांत विनाशक कीड ठरेल, हे त्या नावावरून किंवा वर्णनावरून कोणासही कळणे शक्य नव्हते.

गॅहन यांचा खंड : भारतातील दीर्घशृंगींचा पहिला पद्धतशीर ग्रंथ चार्ल्स जोसेफ गॅहन (१८६२–१९३९) यांनी लिहिला. ते लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये कीटकविभागात काम करीत व पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. भुंगेऱ्यांच्या ध्वनिनिर्मितीच्या अवयवांवरील त्यांचा लेख १९०० साली प्रसिद्ध झाला होता. दीर्घशृंगी भुंगेरा हातात धरला असता जो कुरकुर असा आवाज येतो तो अग्रवक्षाची (वक्षाच्या पहिल्या खंडाची) मागची कड मध्यवक्षावरील बारीक रेघांच्या पट्ट्यावर घासल्याने होतो. हा पट्टा अखंड आहे की मध्यरेषेने दुभंगलेला आहे, ही बाब वर्गीकरणातही उपयोगी पडते.

‘ब्रिटिश इंडियातील प्राणिसृष्टी’ या इंग्रजी ग्रंथमालेत गॅहन यांचा खंड १९०६ मध्ये निघाला. भारत, श्रीलंका व म्यानमार (त्या वेळचा ब्रह्मदेश) यांतील जातींची वर्णने, आकृत्या आणि ओळखकोष्टके (परस्परविरोधी लक्षणांच्या जोड्यांवरून क्रमाने जातीपर्यंत नेणारी कोष्टके) त्यात आहेत. नावांचा जुना गोंधळ निस्तरणे, ब्रिटिश म्यूझियममधील प्ररूप नमुने (ज्यांच्यावरून मूळ वर्णन झाले ते नमुने) पुन्हा तपासणे व उपलब्ध असेल तेथे स्थळ व संग्राहक यांचा उल्लेख करणे, ही या खंडाची वैशिष्ट्ये होत. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही भारतीय अभ्यासक त्यापासूनच आरंभ करतात.

परंतु हा खंड अपुरा राहिला. दीर्घशृंगींच्या निम्म्याहून अधिक जाती ज्या एका उपकुलात मोडतात ते लॅमिइनी हे उपकुल त्यात आलेच नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र खंड अभिप्रेत होता. तो त्या मालेत कधीच प्रसिद्ध झाला नाही. या एका घटनेचा परिणाम दूरवर झाला. भिरूड, बाभळीवरील व द्राक्षवेलीवरील वर उल्लेखिलेले किडे हे सर्व लॅमिइनीच आहेत. ज्या गटाची माहिती शेतीला सर्वाधिक हवी होती त्याच गटाचे सुगम ओळखपुस्तक भारतीय वाचकाला मिळाले नाही.

ओळखीची लक्षणे : दीर्घशृंगी भुंगेरा ओळखण्यास केवळ शृंगिकांची लांबी पुरत नाही. शृंगिका डोळ्यांच्या लगत, बहुधा किंचित उंचवट्यांवर बसविलेल्या असतात व डोळ्याची कड त्यांच्या मुळाभोवती खोबणीसारखी आत वळलेली असते. पाऊल पाच खंडांचे असले, तरी चौथा खंड तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये इतका दडलेला असतो की, पाऊल चारच खंडांचे भासते. हे शेवटचे लक्षण पर्णभुंगेऱ्यांतही (क्रायसोमेलिडी कुलातही) आढळते व त्यावरून या दोन कुलांचे निकटचे नाते दिसून येते.

भारतात महत्त्वाची असलेली उपकुले पुढील लक्षणांनी वेगळी करता येतात. प्रायोनिनी उपकुलातील भुंगेरे बहुधा मोठे, तपकिरी किंवा काळे असून अग्रवक्षाच्या दोन्ही बाजूंना धारदार कड व तीवर अनेकदा दाते असतात. दक्षिण भारतातील ॲकँथोफोरस सेरॅटिकॉर्निस ही दणकट जाती याच उपकुलातील आहे. लेप्ट्युरिनी उपकुलात डोके डोळ्यांमागे मानेसारखे अरुंद होते व शरीर मागे निमुळते होत जाते. यांचे प्रौढ पुष्कळदा फुलांवर आढळतात. सेरँबिसिनी उपकुलात अग्रवक्षाला बाजूची धारदार कड नसते, चेहरा तिरका असतो आणि तोंडाजवळच्या लहान स्पर्शकांचा शेवटचा खंड टोकाशी छाटल्यासारखा दिसतो. काजूवरील रोठा, कॉफीवरील झायलोट्रेकस क्वाड्रिपिस व सालवरील कीड ही या उपकुलाची उदाहरणे होत. लॅमिइनी उपकुलात चेहरा उभा, जवळजवळ काटकोनात खाली वळलेला असतो, त्या स्पर्शकांचा शेवटचा खंड टोकदार असतो व पुढच्या पायाच्या नडगीवर आतल्या बाजूस एक तिरकी खाच असते. ही खाच शृंगिका साफ करण्यास उपयोगी पडते.

उपकुल ठरविणे सरावाने सोपे जाते. वंश व जाती ठरविताना अडचणी वाढतात. पाठीवरील लव झडून गेली की, ठिपक्यांचा आकार बदलतो. बॅटोसेरा वंशातील पांढरे, पिवळे वा नारिंगी डाग मेलेल्या नमुन्यात फिके पडतात. अळीला अन्न कमी मिळाल्यास तिच्यापासून होणारा प्रौढ नेहमीच्या निम्म्या आकाराचाही असू शकतो. नर व मादी यांच्या शृंगिकांत मोठा फरक असल्याने एकाच जातीच्या दोघांना दोन जाती मानल्याची उदाहरणे या कुलाच्या इतिहासात आहेत. त्यामुळे अलीकडे बाह्यलक्षणांबरोबर नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आवश्यक मानली जाते.

वनकीटकविज्ञानाचा प्रवाह : डेहराडून येथे १९०६ साली वनसंशोधन संस्था स्थापन झाली आणि भुंगेऱ्यांकडे झाडाच्या बाजूने पाहण्याची परंपरा सुरू झाली. ई. पी. स्टेबिंग यांचा आर्थिक महत्त्वाच्या वनभुंगेऱ्यांवरील ग्रंथ १९१४ मध्ये निघाला. त्यांच्यानंतर सी. एफ. सी. बीसन यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून किडलेली लाकडे मागवून, ती पिंजऱ्यांत ठेवून, त्यांतून निघणाऱ्या प्रत्येक भुंगेऱ्याची वृक्ष, स्थळ व दिनांक यांसह नोंद करण्याची पद्धत रूढ केली. बीसन व बी. एम. भाटिया यांचा दीर्घशृंगींच्या जीवनक्रमावरील प्रबंध १९३९ साली आणि बीसन यांचा वनकीटकांवरील बृहद्‌ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला.

याच संस्थेत जे. सी. एम. गार्डनर यांनी १९२५ पासून अळ्यांच्या शरीररचनेवर निबंध लिहिले. लाकूड चिरताना हाती लागते ती अळी, प्रौढ नव्हे. लॅमिइनींच्या अळ्यांना पाय जवळजवळ नसतात व डोके लांबट असते; सेरँबिसिनींच्या अळ्यांचे डोके रुंद व जबडे पन्हळीच्या छिन्नीसारखे गोल धारेचे असतात; प्रायोनिनींच्या अळ्यांना लहान पण स्पष्ट पाय असतात. अळीवरून उपकुल व पुष्कळदा वंश सांगता येऊ लागला, तेव्हा संग्रहालयातील नाव व लाकडातील कीड यांच्यात प्रथमच विश्वासार्ह दुवा जुळला. ब्रिटिश म्यूझियममधील ई. ए. जे. डफी यांनी १९६८ मध्ये पौर्वात्य प्रदेशातील दीर्घशृंगींच्या अळ्या व कोश यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या कामाची बेरीज केली.

या दुव्याचे व्यावहारिक मोल सालवनांत दिसून आले. १९२३–२८ या काळात मध्य प्रांतातील सालवनांत किडीची मोठी साथ आली. किडीची ओळख व सवयी निश्चित झाल्यावर सापळावृक्षांची पद्धत पुढे आली. पावसाळ्याच्या आरंभी सालची काही झाडे पाडून त्यांचे ओंडके ठेचून ठेवतात. त्यातून पाझरणाऱ्या रसाकडे प्रौढ भुंगेरे आकर्षिले जातात व वेचून मारता येतात. १९९४ नंतर मध्य प्रदेशात तीच साथ पुन्हा उद्‌भवली तेव्हाही हीच पद्धत वापरण्यात आली. जाती चुकीची ओळखली असती, तर तिच्या सवयींवर आधारलेला हा उपाय सुचलाच नसता.

लॅमिइनी व नावांतील बदल : गॅहन यांच्या खंडात न आलेल्या लॅमिइनी उपकुलाचे काम प्रामुख्याने स्टेफान फोन ब्रॉयनिंग (१८९४–१९८३) यांनी केले. व्हिएन्नात जन्मलेल्या व पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या या संशोधकाने सुमारे आठ हजार नव्या वंश-जातींना नावे दिली. एकाच व्यक्तीने एका कुलात इतकी नावे दिल्याचे दुसरे उदाहरण विरळा. त्यांची जगातील लॅमिइनींची सूची १९५८ ते १९६९ या काळात प्रसिद्ध झाली. तथापि त्यांची बरीच वर्णने त्रोटक व आकृत्यांविना आहेत, प्ररूप नमुने यूरोपातील अनेक संग्रहांत विखुरलेले आहेत आणि लेखन फ्रेंच व जर्मन भाषांत आहे. पुणे किंवा कोल्हापूर येथील विद्यार्थ्याला आपल्या हातातील भुंगेरा ब्रॉयनिंग यांच्या कोणत्या जातीशी जुळतो हे ठरविण्यास प्ररूपाचे छायाचित्र तरी हवे असते. अशी छायाचित्रे संग्रहालयांकडून संगणकावर उपलब्ध होऊ लागली ती या शतकात.

नावांचे नियम पाळताना जुनी रूढ नावेही बदलतात. काजूवरील रोठ्याच्या भुंगेऱ्याला दीर्घकाळ प्लोसीडेरस फेरुजिनिअस म्हणत. तथापि प्लोसीडेरस हा वंश मुळात अमेरिकेतील जातींसाठी असल्याने जुन्या जगातील जातींकरिता इटालियन संशोधक जी. सामा यांनी १९९१ मध्ये निओप्लोसीडेरस हा वंश स्थापन केला. शेतीविषयक पुस्तिकांत आजही दोन्ही नावे आढळतात. वाचकाने ती दोन किडी समजू नयेत. कुलाच्या सीमाही बदलल्या : गॅहन यांच्या काळी याच कुलात धरले जाणारे डिस्टेनिया व त्याचे सगोत्र आता डिस्टेनिइडी या वेगळ्या कुलात घालतात. या पुनर्रचनेत अळ्यांच्या लक्षणांचा व अलीकडे डीएनएच्या तुलनेचा मोठा वाटा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेने (स्थापना १९१६) हे काम पुढे नेले. टी. एन. खान व पी. के. मैती यांनी अंदमान बेटांतील दीर्घशृंगींचे वर्गीकरण, जीवनक्रम व परिस्थितिविज्ञान एकत्र अभ्यासून १९८३ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. नाव, अळी व वृक्ष या तिन्हींची सांगड घालणारा असा अभ्यास भारतातील इतर प्रदेशांसाठी नमुनेदार ठरावा. भारतातील सर्व जातींची एकत्रित सूची २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

मुळशी परिसर : मुळशी तालुका पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात असून त्याचे ठाणे पौड येथे आहे. पूर्वेस पुणे शहराला लागलेला सपाट भाग, मध्ये डोंगररांगांमधील मुळा नदीचे खोरे व पश्चिमेस सह्याद्रीचा माथा, असा त्याचा उतार आहे. पर्जन्यमान पूर्वेकडून पश्चिमेकडे झपाट्याने वाढत जाते. ताम्हिणी घाटात ते वर्षाला ५,००० मिमी. हून अधिक असते. घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा व उंबर यांचे निमसदाहरित वन आणि पूर्वेकडे ऐन, धावडा, बाभूळ यांचे पानझडी रान, असा पालट तीस-चाळीस किमी. च्या अंतरात दिसतो. झाडांनुसार ज्यांच्या जाती बदलतात अशा भुंगेऱ्यांच्या अभ्यासास एवढ्या लहान क्षेत्रातील ही विविधता अत्यंत सोयीची आहे.

पुणे परिसरातील प्राण्यांचा अभ्यास जुना आहे. कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८२४ नंतर दख्खनमधील पक्षी, मासे व सस्तन प्राणी यांच्या नोंदी केल्या आणि पुण्याच्या मुंग्यांची वर्णने १८३५ मध्ये प्रसिद्ध केली. वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम भारतातील मुंग्यांवर लिहिले. एच. ई. अँड्रूज हे वनाधिकारी बेळगाव भागात भुंगेरे जमवीत. पुढे त्यांनी त्याच ग्रंथमालेत भू-भुंगेऱ्यांवर दोन खंड लिहिले (१९२९ व १९३५). मुळशीच्या खोऱ्याला मात्र असा स्थायिक संग्राहक लाभला नाही. याच सुमारास या खोऱ्याचे रूप पालटले. टाटा कंपनीच्या जलविद्युत् योजनेसाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यात आले. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. खोऱ्याच्या तळाची भातखाचरे, गावे व त्यांभोवतीची झाडी पाण्याखाली गेली. त्या झाडीत कोणते दीर्घशृंगी होते याचा संग्रह झाला नव्हता. उरलेल्या उतारांवरील जंगलाचा उपयोग पुढे कोळसा पाडण्यासाठीही झाला.

अशा स्थितीत देवरायांना विशेष महत्त्व येते. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे वनस्पतिवैज्ञानिक मूल्य दाखवून दिले. दीर्घशृंगींच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. परंपरा पाळणाऱ्या देवराईत पडलेली फांदी किंवा वठलेले झाडही देवाचे म्हणून उचलत नाहीत. राखीव जंगलातून मात्र वाळके लाकूड सरपणासाठी नेले जाते. अनेक दीर्घशृंगींच्या अळ्या मृत किंवा मरू घातलेल्या लाकडातच वाढतात आणि त्या लाकडाचा कस मातीत परत जाण्याची क्रिया त्यांच्यापासून सुरू होते. लाकूड हलविले की, त्यातील दोन वर्षांची अळीही जाते. म्हणून हिरवी झाडे तशीच उभी असली, तरी एखाद्या जातीचा ऱ्हास होऊ शकतो व तो लक्षातही येत नाही.

ताम्हिणी परिसरातील सुमारे ५० चौ. किमी. क्षेत्र २०१३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच काळात तालुक्याच्या पूर्वेकडील हिंजवडीसारखी गावे नागरी वस्तीत रूपांतरित झाली. भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात १९५९ पासून आहे आणि शहरातील महाविद्यालयांतील प्राध्यापकांनीही भुंगेऱ्यांच्या अभ्यासाची परंपरा जोपासली आहे. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातील हेमंत घाटे व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली कॅपनोलिमा सिंगॅलेन्सिस या जातीची भारतातील पहिली नोंद प्रसिद्ध केली. गॅहन यांनी १९०६ मध्ये श्रीलंकेतून वर्णिलेली ही जाती भारतात आढळल्याचे छापून येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागावीत, यावरून या कामाचा शिल्लक पल्ला ध्यानात येतो.

अभ्यासाची पद्धत : मुळशीसारख्या प्रदेशात जातिनिश्चितीसाठी तीन प्रकारचा पुरावा एकत्र आणावा लागतो. पहिला, प्रौढ नमुना. मे अखेरपासून जुलैपर्यंत, पहिल्या पावसाच्या सुमारास, पांढऱ्या पडद्यामागील दिव्यावर प्रौढ येतात. परंतु दिवसा उडणाऱ्या व फुलांवर बसणाऱ्या जाती दिव्यावर येत नाहीत, म्हणून झुडपे झोडून व फुले तपासूनही संग्रह करावा लागतो. दुसरा, संगोपन. वाळलेली फांदी वृक्षाचे नाव निश्चित करून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात व भुंगेरा बाहेर पडेपर्यंत वाट पाहतात. स्ट्रोमॅशिअम बार्बेटमसारख्या जातीत कोरड्या लाकडातील अळीची वाढ अनेक वर्षे रेंगाळते. त्यामुळे पिंजऱ्यावरील चिठ्ठी सांभाळणे हेच कामाचे मर्म होय. तिसरा, प्ररूपाशी तुलना. गॅहन यांच्या कोष्टकाने मिळालेले उत्तर प्ररूपाच्या छायाचित्राशी व मूळ वर्णनाशी ताडून पाहिल्यावाचून ग्राह्य धरत नाहीत. अळी व प्रौढ यांचे नाते संगोपनाशिवाय ठरविण्यास आता डीएनएचा उपयोग होतो. परंतु तुलनेसाठी लागणारा अचूक ओळखलेला प्रौढ आधी संग्रहात असावा लागतो. अभयारण्यात संग्रह करण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी आवश्यक असते.

महत्त्व : दीर्घशृंगींपैकी फळबागा व इमारती लाकूड यांना उपद्रव देणाऱ्या जाती थोड्या आहेत, बहुसंख्य जाती जंगलातील मृत लाकडाचे विघटन करतात. या दोहोंत भेद करण्याचे एकमेव साधन जातिनिश्चिती हेच आहे. तिच्या अभावी बागेतील किडीवर चुकीचा उपाय योजला जातो व जंगलातील निरुपद्रवी भुंगेरा कीड म्हणून मारला जातो. अठराव्या शतकापासून नावे देणारे व झाडे जाणणारे वेगवेगळे राहिले. डेहराडून व अंदमान येथील कामांत ते एकत्र आले. मुळशीच्या खोऱ्यातील पाण्याखाली गेलेल्या झाडीबाबत ती संधी उरली नाही. घाटमाथ्यावरील वन व देवराया यांच्या बाबतीत मात्र ती अजून आहे. त्यासाठी लागणारे कौशल्य संग्रहालयात जितके आहे तितकेच सालीवरचा ताजा भुसा पाहून भिरूड कोठे आहे हे सांगणाऱ्या स्थानिक माणसापाशी आहे.